बोआ पुन्हा पुन्हा ओकतोय, वजनही वाढेना? आधी खाण्याचा वार मोडा

दर हिवाळ्यात बोआ साप पाळणाऱ्यांचे मला साधारण एकाच वळणाचे निरोप येतात. "ताई, पिल्लू मस्त खात होतं. तीन दिवसांनी अख्खा उंदीर बाहेर. बिचारं उपाशी राहील म्हणून पुन्हा घातला, तोही बाहेर. आता वजन उतरतंय." सोबत एक फोटो असतो, जेवताना उघडू नये असा. प्रत्येकाला वेगवेगळं लिहून बोटं दुखली, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

ज्यांच्याकडे हे आज घडलंय त्यांच्यासाठी आधी. ओकलेलं उचला, पेटीतलं अंथरूण बदला, पाणी ताजं ठेवा आणि आज काहीही खायला घालू नका. उद्याही नाही. पुढचे किमान १४ दिवस नाही. बाहेर काढू नका, आणि "बरा आहे ना" म्हणून तासातासाला दिवा लावून बघू नका. ओकलेल्या उंदराबरोबर पोटातलं आम्ल, पाणी आणि क्षार निघून गेलेले असतात, अन्ननलिका त्या आम्लानं हुळहुळलेली असते. ते भरून यायला वेळ लागतो. बरं वजन असलेल्या पिल्लाला दोन आठवड्यांचा उपास म्हणजे काहीच नाही. तेव्हा बाकीचं सावकाश वाचा.

माझ्या वहीतून

मी मूळची सांगलीची, राहते इंग्लंडात, लीड्सला. घरात एक मादी बोआ आहे. पाठीवरचे तपकिरी, काळे, राखी तुकडे शिवून लावल्यासारखे दिसतात म्हणून तिचं नाव गोधडी. सप्टेंबर २०२२ मध्ये आणली तेव्हा चार महिन्यांची, वजन ९२ ग्रॅम. दुकानदारानं एका कागदावर लिहून दिलं होतं, "दर सात दिवसांनी एक." मी रविवार ठरवला. रविवारी आमचीही कोंबडी, तिचाही उंदीर.

डिसेंबरातलं पान जसंच्या तसं देते (रॅट म्हणजे मोठ्या जातीचा उंदीर):

रवि. ११ डिसें. – रॅट, ३० ग्रॅम. दोन मिनिटांत गिळला. शाबास!
बुध. १४ – ओकली.
रवि. १८ – उंदीर, २० ग्रॅम. खाल्ला.
मंगळ. २० – पुन्हा ओकली.
शनि. २४ – वजन १४६. (८ तारखेला १६८ होतं.)

त्या "शाबास"ची मला अजून लाज वाटते. १८ तारखेला चार दिवसांपूर्वी ओकलेल्या पोटात मी पुन्हा उंदीर घातला, कारण रविवार होता आणि ती भुकेली दिसत होती. भुकेली दिसत होती हे खरंच आहे. ओकल्यावरही बोआ चिमट्यावर तुटून पडतो. त्याला भूक आहे एवढंच त्यातून कळतं, पचवण्याची ताकद आहे की नाही ते कळत नाही.

चोवीसच्या रात्री आईशी व्हिडिओवर बोलत होते. आईला साप बघवत नाही, कॅमेरा तिकडे वळला की पदर डोळ्यांवर. पण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, पोट बिघडलंय तर खायला कशाला घालतेस? लंघन करू दे की." सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी नाताळानंतर तपासून, विष्ठेचा नमुना बघून, फी घेऊन हेच सांगितलं.

कारणं शोधायला बसले तर एक नाही, तीन निघाली. त्या आठवड्यात ब्रिटनमध्ये कडाक्याची थंडी होती, आणि २०२२ मध्ये गॅस-विजेचे दर असे चढले होते की अख्ख्या गल्लीनं हीटिंग उतरवून ठेवलं होतं. आमची ती खोली रात्री १५ अंशांवर जायची. पेटीच्या थर्मोस्टॅटवर मात्र ३२ चा आकडा थाटात झळकत होता. म्हणजे प्रोबपाशी (तापमान मोजणाऱ्या तारेच्या टोकाशी) ३२. आणि प्रोब चिकटपट्टीतून सुटून दिव्याच्या जाळीजवळ लोंबत होता. ती जिथे पोट टेकून बसायची त्या फरशीच्या तुकड्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला, तर २७. गार बाजूला २०. दुसरं म्हणजे २० ग्रॅमच्या उंदरावरून मी एकदम ३० ग्रॅमच्या रॅटवर उडी मारली, तिच्या वजनाच्या जवळपास १८ टक्के. आणि तिसरं, सोमवारी संध्याकाळी पाहुणे आले होते. पोटात फुगवटा असलेली गोधडी मी कौतुकानं बाहेर काढून चार हातांत फिरवली.

तिन्ही गोष्टी सुधारल्या. ७ जानेवारीला ६ ग्रॅमचं उंदराचं पिल्लू दिलं. राहिलं पोटात. पंधरा दिवसांनी तेवढंच. मग १० ग्रॅम, मग १४. मार्चअखेर १७५ ग्रॅम. मला वाटलं, सुटले. आणि पुन्हा रविवार धरला.

१६, २३ आणि ३० एप्रिल, तिन्ही रविवारी २२-२२ ग्रॅम. ४ मे, गुरुवार: ओकली. तापमान चोख, उंदीर वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास, हात लावलेला नाही. मी चक्रावले. वही पुढे-मागे उलटत बसले, आणि मग त्या रकान्याकडे लक्ष गेलं ज्याकडे मी कधी बघतच नव्हते. खाण्याच्या शेजारी "शी" असा एक रकाना होता. शेवटची नोंद ११ एप्रिल. म्हणजे आधीचं बाहेर पडायच्या आत मी वरून तीन उंदीर रचले होते. २१५ ग्रॅम वजन बघून खूष होत होते, त्यातलं बरंचसं साचलेल्या उंदरांचं होतं.

हा त्रास पुन्हा पुन्हा का होतो, ते इथे कळतं. प्रत्येक वेळी आपण एखादं कारण दुरुस्त करतो आणि वार तसाच ठेवतो.

चूल रोज पेटत नाही

बोआ, अजगर हे दबा धरून बसणारे साप. दोन शिकारींमध्ये कितीही दिवस जातील, म्हणून ते पचनाची चूल चक्क विझवून ठेवतात. स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड या संशोधकांनी बर्मी अजगरावर केलेलं काम १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं. मोठं जेवण झाल्यावर अजगराचा चयापचय विश्रांतीच्या तुलनेत चाळीसपटीच्याही वर जातो, आतडी दिवसा-दोन दिवसांत फुगून जाड होतात, आणि काम झालं की पुन्हा आक्रसतात. उपाशी अजगराच्या पोटात आम्ल जवळजवळ नसतंच. पीएच ७ च्या आसपास, म्हणजे पाण्यासारखा. उंदीर आत गेल्यावर दिवसभरात तो २ किंवा त्याच्याही खाली उतरतो. बोआचा कारभार याच धाटणीचा.

आता या चुलीला आच लागते ती बाहेरून. सापाकडे स्वतःची ऊब नाही. चूल पेटायच्या आत फरशी गार असेल तर उंदीर आतून कुजायला लागतो, गॅस धरतो, आणि साप शहाणपणानं तो बाहेर टाकतो. ओकणं हा रोग नाही, सुटका आहे. त्यामुळे ओकणं थांबवायचं औषध मागणाऱ्यांना मी आधी थर्मामीटर विकत घ्यायला सांगते.

काय तपासायचं

क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण शेवटापासून सुरू करतात, म्हणजे इंटरनेटवर भयानक रोगांची नावं वाचून.

पहिली ऊब. उबदार बाजूला साप जिथे बसतो त्या पृष्ठभागावर ३१ ते ३३ अंश सेल्सियस, गार बाजूला २५ ते २७, रात्री थोडं उतरलं तरी २४ च्या खाली नको. हे थर्मोस्टॅटच्या पडद्यावरून ठरवू नका, तो फक्त प्रोब कुठे आहे ते सांगतो. इन्फ्रारेड थर्मामीटरनं जागेवर मोजा, आणि पहाटे पाचला उठून एकदा तरी मोजा. माझी २७ ची फरशी दुपारी ३० दाखवत होती. खाली तापणारी चटई आणि तिच्यावर चार इंच नारळाचा भुसा असेल तर ऊब भुशातच अडकते. वरून दिवा किंवा सिरॅमिक हीटर बरा, पण त्याला जाळी हवी. बोआ गरम बल्बला विळखा घालतो आणि भाजेपर्यंत सोडत नाही.

जास्त ऊबही तितकीच वाईट. पुण्यात मे महिन्यात खोलीच ३८ ला गेली तर पेटीत गार बाजू उरतेच कुठे? तेव्हा अडचण उलटी होते. साप पाण्याच्या भांड्यात जाऊन बसतो आणि खाल्लेलं ओकतो. अशा दिवसांत खाणं पुढे ढकलायचं, वर पंखा लावून त्याच्या नशिबाची परीक्षा बघायची नाही.

दुसरा उंदराचा आकार. "सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढा" असं जुनं माप सगळीकडे सापडेल. ते बोआच्या बाबतीत सैल आहे. तराजू वापरा. वाढत्या पिल्लाला वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत, मोठ्याला पाच-सहा टक्के पुरतात. गिळल्यावर पोट किंचित उचललेलं दिसलं पाहिजे. चेंडू गिळल्यासारखं दिसत असेल तर उंदीर मोठा होता. बोआचा जबडा मांजराएवढं गिळेल, पचवणारं पोट तेवढं नाही.

तिसरी गोष्ट गोठवलेल्या उंदराची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण यात फसलेले फार भेटतात. रात्री उंदीर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, डब्यात झाकून. दुसऱ्या दिवशी बंद पिशवीत घालून चाळीसेक अंशांच्या पाण्यात अर्धा तास. मग पिशवीवरूनच पोटावर बोटानं दाबा. कातडी कोमट आणि आत खडा लागत असेल तर तो बर्फ आहे. तसाच दिला की सापाच्या पोटात गारेगार गोळा बसतो आणि चूल पेटत नाही. मायक्रोवेव्हचं नाव काढू नका. एकदा एकानं लावला, त्यानं नंतर नवा मायक्रोवेव्ह घेतला. उंदराची भांडी, चिमटा, तराजू सगळं वेगळं. सॅल्मोनेला या जिवाणूचा भरवसा नाही, आणि ज्या तराजूवर साखर मोजता त्यावर गोधडी बसवू नका. हे मी घरच्यांना वचन देऊन पाळते.

चिमट्यानं देताना एक गंमत बघा. बोआ विळखा घालतो आणि मेलेला उंदीर असेल तर लगेच सैल सोडतो. अमेरिकेतल्या डिकिन्सन कॉलेजात स्कॉट बोबॅक यांच्या गटानं २०१२ मध्ये मेलेल्या उंदरांत कृत्रिम धडधड बसवून दाखवलं होतं, की बोआला भक्ष्याच्या हृदयाचे ठोके कळतात आणि ठोके थांबेपर्यंत तो आवळत राहतो. म्हणून विळखा घातल्यावर चिमट्यानं उंदीर दोनतीनदा हलका ओढा. आवळण्याचा व्यायाम होतो. माझी समजूत अशी की असे साप नंतर शांतपणे गिळतात. याला पुरावा माझ्या वहीपलीकडे नाही.

हाताळणं: खाल्ल्यावर तीन-चार दिवस अजिबात नाही. पोटाचा फुगवटा दिसेनासा होईपर्यंत थांबलात तर उत्तम. पाणी: भांडं कोरडं पडू देऊ नका. हवेत ओल ५५ ते ७० टक्के असावी. सुकलेल्या सापाचं पचन रखडतं.

हे सगळं बरोबर आहे आणि तरीही दोनदा लागोपाठ ओकला, तर घरगुती शहाणपण थांबवा आणि सापांचं बघणाऱ्या डॉक्टरकडे जा. ताजी विष्ठा आणि ओकलेलं घट्ट झाकणाच्या डब्यात घेऊन जा. जंत किंवा आतड्यातले एकपेशीय परजीवी असले तर तिथेच सापडतात, आणि बऱ्याचदा बरे होतात. पोटाच्या मध्यावर कायमचा कडक फुगवटा असेल तर क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची शंका घेतात. आणि साप डोकं मागे टाकून आकाशाकडे बघत राहत असेल, पालथा केल्यावर सरळ होत नसेल, तर ती वेगळीच गोष्ट. बोआमध्ये इन्क्ल्युजन बॉडी डिसीज नावाचा रोग असतो. त्यामागे एरिनाव्हायरस गटातले विषाणू आहेत हे २०१२ मध्ये पुढे आलं. काही बोआ हा रोग वर्षानुवर्षं अंगात घेऊन वरून धडधाकट दिसतात, ओकणं हेच कधी पहिलं लक्षण असतं. त्यावर औषध नाही. म्हणून नवा साप तीन महिने तरी दुसऱ्या खोलीत, वेगळ्या चिमट्यानं. अंगावर माइट (रक्त पिणारे बारीक किडे) दिसले तर आणखी लांब.

मग किती दिवसांनी?

मी आता वार पाळत नाही. नियम एवढाच: आधीच्या खाण्याची शी झाली, वर तीन-चार दिवस गेले, आणि खाली दिलेलं किमान अंतरही झालं, तरच पुढचं. तिन्ही अटी हव्यात.

पहिल्या वर्षात १० ते १४ दिवस. दुसऱ्या वर्षी दोन ते अडीच आठवडे. तिसऱ्या वर्षी तीन आठवडे. त्यानंतर चार ते सहा आठवडे, नराला आठही चालतात. हे बोआ इम्परेटरसाठी, म्हणजे दुकानात "कॉमन बोआ" किंवा "कोलंबियन" म्हणून जो मिळतो तो. सुरीनाम, गयाना, पेरूकडचा खरा लालशेपट्या बोआ कन्स्ट्रिक्टर पोटाचा आणखी नाजूक. तो पाळणारे पिल्लांनाही दोन आठवड्यांच्या आत दुसरा उंदीर देत नाहीत. होंडुरासजवळच्या बेटांवरचा हॉग आयलंड बोआ मुळात लहान चणीचा, त्याला इम्परेटरच्या हिशेबानं भरवलं तर वर्षभरात त्याची फुगलेली वळकटी होते.

ओकल्यानंतरचं वेळापत्रक वेगळं. पहिल्यांदा ओकला असेल तर १४ दिवस उपास, लागोपाठ दुसऱ्यांदा तर तीन ते चार आठवडे. (मी गोधडीला अठराव्या दिवशी दिलं. ती निभावली, पण आता मी एवढी घाई करणार नाही.) मग नेहमीच्या एक-तृतीयांश आकाराचं पहिलं खाणं. पुन्हा १४ दिवस. तेवढंच दुसरं. पुन्हा १४ दिवस. तिसरं थोडं मोठं. नेहमीच्या आकारावर पोचायला दोन-अडीच महिने लागतात, आणि तेवढ्या काळात पिल्लू फारसं वाढणार नाही. वाढू नयेच.

"पण तो वाढत नाहीये"

निम्मे लोक इथे घसरतात. इंटरनेटवर कुणाचा तरी वर्षाचा बोआ पाच फुटी असतो, आपला अडीच फुटी. मग अंतर कमी करा, उंदीर वाढवा. आणि महिन्याभरात फरशीवर उंदीर.

जन्मतः बोआ साधारण दीड फुटाचा असतो. मादी सहा ते आठ फुटांपर्यंत जाते, नर पाच-सहा. हे अंतर कापायला त्याच्याकडे चार-पाच वर्षं आहेत. जबरदस्तीनं भरवून दोन वर्षांत मादीला पिल्लं देण्याइतक्या वजनावर आणायची पद्धत पैदास करणाऱ्यांनी रूढ केली, तिला इंग्रजीतही "पॉवर फीडिंग" असं पहिलवानी नाव आहे. त्या सापांच्या यकृतात चरबी साचते आणि ते लवकर जातात. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातला पॉपाय नावाचा बोआ १९७७ मध्ये मेला तेव्हा ४० वर्षं, ३ महिने आणि १४ दिवसांचा होता. तुमच्या सापानं इतकं जगावं असं वाटत असेल तर पहिल्या दोन वर्षांतल्या फुटांची स्पर्धा कशाला?

वाढ मोजायचीच तर नीट मोजा. टाकलेली कात मोजून "सहा इंच वाढला" म्हणू नका, कात निघताना ताणली जाते आणि सापापेक्षा चांगलीच लांब भरते. दोरा पाठीच्या कण्यावरून धरून मोजता येतं, पण साप स्थिर राहील तर ना. मी महिन्यातून एकदा, शी झाल्यानंतर आणि पुढच्या खाण्याआधी वजन घेते. बस. शिवाय पेटी लहान ठेवली की साप लहान राहतो, ही समजूत डोक्यातून काढा. लहान राहत नाही, फक्त हाल होतात.

अंग बघून जास्त कळतं. आडवा छेद घेतला असं समजा: बोआ पावाच्या लादीसारखा दिसला पाहिजे, वर किंचित सपाट, बाजू सरळ. पाठीचा कणा घराच्या कौलासारखा टोकदार दिसत असेल तर हडकलाय. नळकांड्यासारखा गोल असेल, वळताना कातडीला वळ्या पडत असतील, स्वस्थ असताना खवल्यांमधली कातडी दिसत असेल, आणि शेपटी सुरू होते तिथे अंग एकदम तुटल्यासारखं बारीक होत असेल, तर तो लठ्ठ आहे. "किती गुटगुटीत" नाही.

गोधडीची तिसऱ्या वर्षाची नोंद: १ मीटर ४२ सेंटिमीटर, १ किलो ८१० ग्रॅम. मे २०२३ नंतर एकदाही ओकलेली नाही.

खातच नाही, त्याचं काय

थोडक्यात, कारण हा बहुतेक वेळा प्रश्नच नसतो. वयात आलेला नर ऑक्टोबर ते मार्च तोंड फिरवतो. कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ झाले की बरेच जण खात नाहीत. नवीन आणलेल्याला दोन आठवडे एकटं सोडायचं असतं. वजन टिकून असेल तर दोन-तीन महिने उपाशी राहिलेला बोआ आजारी नाही, तुम्ही अस्वस्थ आहात. जबड्यात उंदीर कोंबू नका. आणि नागपंचमीच्या आठवणीनं दूध तर मुळीच नाही. सापाला दूध पचत नाही, हे आपल्याकडच्या सर्पमित्रांनी घसा कोरडा करून सांगून झालंय.

पुण्याचा बोआ

माझ्या भाच्याकडे पुण्यात एक नर आहे. त्यानं तो केंद्र सरकारच्या २०२० च्या स्वेच्छा घोषणा योजनेत जाहीर केला, आणि २०२४ चे नोंदणीचे नियम आल्यावर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवला. भारतात बोआसारखा परदेशी साप असलेल्यांनी ही नोंदणी केलीच पाहिजे. (मांडूळ, डुरक्या घोणस, अजगर हे आपले साप. ते घरात ठेवणं १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे, "बोआसारखाच तर दिसतो" हे कारण चालत नाही.) गेल्या वर्षी त्याचा फोन आला, "मावशी, हा आठवड्याला एक मोठा उंदीर खातो, आणि महिन्या-दीड महिन्यातून एखादा ओकतो. मोठा साप आहे, पोट कमजोर असेल का?"

फोटो मागवला. साप कसला, लोडच तो. शेपटीच्या वर दोन्ही बाजूंनी चरबीचे गोळे. पोट कमजोर नव्हतं. पोटाला रिकामं व्हायला सवड नव्हती, एवढंच. त्याला म्हटलं, आता पुढचा उंदीर शी झाल्याशिवाय नाही, आणि सहा आठवड्यांच्या आत तर नाहीच. आकारही निम्मा. लठ्ठ सापाला एकदम महिनोन्‌महिने उपाशी ठेवू नकोस, यकृताला झेपत नाही. अंतर वाढव, उंदीर बारीक कर, आणि संध्याकाळी अर्धा तास खोलीत सरपटू दे, दार लावून.

त्यानंतर रोज सकाळी एक निरोप. "मावशी, आज १२ वा दिवस." "१९ वा." "मावशी, तो काचेला नाक लावून बघतोय, मला बघवत नाही." मी काही उत्तर दिलं नाही. सत्ताविसाव्या दिवशी ऑफिसात मीटिंग चालू असताना फोन थरथरला. फोटो, पांढऱ्या खडूसारख्या तुकड्यासकट, आणि खाली मोठ्या अक्षरांत: "झाली!!! आज देऊ का?"

मी टेबलाखाली लिहिलं, अजून दोन आठवडे.